पहिलीचा नकाशा आधी अंगणात

महोदय,

पहिलीच्या वर्गात परिसराची ओळख बऱ्याचदा भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशापासून सुरू होते. सहा वर्षांच्या मुलाला त्यातून काही उमगत नाही. उलट ‘उत्तर म्हणजे वर, आभाळाकडे’ हे डोक्यात घट्ट बसतं.

सुरुवात अंगणात व्हावी. सकाळी मुलांना सूर्याच्या दिशेने उभं करावं: समोर पूर्व, उजव्या हाताला दक्षिण. सातारा शहरात त्या बाजूला अजिंक्यतारा किल्ला दिसतो, कायमची खूण! शिक्षकांनी मुलांसमोर उभं राहून हात दाखवू नये, डावं-उजवं उलटतं. त्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखंच उभं राहावं.

मग खडूने चार फुटी चौकोन, काडेपेट्यांची घरं, सुतळीचा रस्ता, टाकीसाठी बाटलीचं झाकण. गटात पाचच मुलं घ्यावीत; जास्त झाली की दोघं मांडतात, बाकीची नुसती बघतात. नंतर प्रत्येकाने बोट फिरवत शाळेपासून घरापर्यंतची वाट सांगायची. ‘इकडून, मग तिकडून’ असं आलं तर ‘गिरणीपाशी उजवीकडे’ असं वदवून घ्यावं.

कागद दुसऱ्या दिवशी द्यावा. त्यावर घर शाळेपेक्षा मोठं निघालं तरी कृपा करून पुसायला लावू नका. प्रमाण पुढच्या इयत्तांत येतंच.

— एक प्राथमिक शिक्षिका, सातारा