निवाऱ्यात अख्ख्या कुटुंबाला जागा द्या
मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

दादरच्या फुलबाजाराजवळ पुलाखाली एक पारधी कुटुंब राहतं. बाई गजरे ओवते, नवरा सकाळी मजुरीसाठी नाक्यावर उभा राहतो. गेल्या पावसाळ्यात मी तिला निवारा केंद्रात जा म्हणून विनवलं. ती म्हणाली, "तिथं ह्यांना एकीकडं ठेवत्यात, मला पोरींसंगं दुसरीकडं. आन् बोचकं कुठं ठेवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

दर लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा, बारा महिने, चोवीस तास, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. केंद्र सरकारच्या शहरी बेघरांसाठीच्या २०१३ च्या योजनेत तर कुटुंबांसाठी वेगळे निवारे असावेत असं स्पष्ट लिहिलं होतं. मुंबईच्या पदपथांवर मात्र मला संसारच्या संसार दिसतात, चूल, पाळणा, शाळेचं दप्तर सगळ्यासकट.

ही माणसं काम करतात, साहेब. शहरातलं भाडं त्यांच्या मजुरीत बसत नाही, एवढंच. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखलं होतं: काम जवळ असतं म्हणून माणूस पदपथावर पथारी टाकतो. त्याच निकालाने पदपथ मोकळे करायला मुभा दिली, पण आधी नोटीस देऊन. पुलाखाली महापालिकेची गाडी येते तेव्हा ताडपत्रीबरोबर आधार कार्ड, रेशन कार्ड, जातीचा दाखलाही जातो. दाखला पुन्हा काढायला गावाकडचा पुरावा लागतो. पारध्यांना इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवलं गेलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी गावात पाय टिकू न देणारी नजर गेली नाही. असा पुरावा त्यांनी आणायचा कुठून?

म्हणून मागणं थोडंच आहे. कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, कुटुंबाला दाराची खोली आणि सामानाला कुलूप असलेले निवारे प्रत्येक वॉर्डात उभे करा. त्या निवाऱ्याचा पत्ता रेशन कार्डावर चालेल असा आदेश काढा. आणि कारवाईत कागदपत्रांची पिशवी जप्त होणार नाही, हे लेखी द्या. पावसाळ्याआधी.

आपली,
दादरची एक रहिवासी