गाडी लागली, गाडी चुकली

संगमनेर

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता, तेव्हापासून जिवाला चैन नाही. तिकडे इंग्लंडात, लीड्सच्या बसमध्ये तू ‘आय वाँट टू गेट डाउन हिअर’ म्हणालीस आणि ड्रायव्हरला क्षणभर कळलंच नाही. ‘इतकी वर्षं इंग्रजी शिकून साधं उतरायचं आहे हे सांगता येईना,’ हे तुझं वाक्य मला लागलं. बाळा, तुला इंग्रजी येतं. चुकली ती शब्दांची एक जोडी, आणि ती इकडे आपण सगळेच तशी वापरतो.

बसमधून उतरायचं तर तिकडे ‘गेट ऑफ’ म्हणतात, टॅक्सीतून उतरायचं तर ‘गेट आउट ऑफ’. ज्या वाहनात उभं राहून चार पावलं चालता येतं, म्हणजे बस, रेल्वे, विमान, बोट, तिथे चढताना ‘ऑन’ आणि उतरताना ‘ऑफ’. जिथे वाकून आत बसावं लागतं तिथे ‘इन’ आणि ‘आउट’. सायकल नि घोडा ‘ऑन’कडचे, कारण त्यांच्यावर बसायचं असतं.

हे मी फळ्यावर फारसं शिकवलं नाही. घारगावच्या शाळेत जाताना पुष्कळ मुलं माझ्याच एसटीत असायची, तोच माझा खरा वर्ग. गाडी स्टँडात शिरली की ‘पुल्ड इन’. कंडक्टरने डबल बेल दिली, गाडी हलली की ‘पुल्ड आउट’. एका पावसाळ्यात चंदनापुरी घाटात पुढे ट्रक बंद पडला आणि आम्ही तासभर अडकलो. काचेवरून पाणी ओघळत होतं. सातवीतली एक मुलगी भिजलेलं दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली होती. ती एकदम म्हणाली, ‘बाई, द ट्रक ब्रोक डाउन, सो वी आर हेल्ड अप.’ तिला कुणी विचारलंही नव्हतं. समोर दिसलं तसं तोंडात आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तो क्षण मी जपून ठेवला आहे.

तू अशा शब्दजोड्यांच्या याद्या पाठ करतेस म्हणालीस. त्या बाजूला ठेव आणि आधी आपली मराठी आठव. फलाटाला गाडी लागते आणि घाटात एखाद्याला गाडी लागते. शब्द तेच, पण एकात लोक डबा शोधत पळतात आणि दुसऱ्यात लिंबू हुंगतात. आपण तिकीट काढतो, कंडक्टर ते फाडतो. पाऊस पडतो, वारा सुटतो. हे तुला कुणी शिकवलं नाही, शब्द आपापल्या सोबत्याला घेऊनच तुझ्या कानावर आले. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते, लाहोरलाही त्यांनी काही वर्षं शिकवलं. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असं त्यांनी 1957 साली लिहिलं. आपल्या ढवळ्या-पवळ्याच्या म्हणीतलंच हे.

आपली गोची कुठे होते पाहा. आपल्याकडे पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. म्हणून आपण ‘स्ट्राँग रेन’ म्हणून जातो. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, वाहनांची गर्दीही ‘हेवी’, पण वारा ‘स्ट्राँग’ आणि चहाही ‘स्ट्राँग’. याला कारण शोधत बसू नकोस, संगत म्हणून लक्षात ठेव.

‘ऑफ’, ‘अप’ची भीती वाटते ना? ‘करून टाक’ म्हणताना आपण काय टाकतो? ‘येऊन जा’ म्हणतो तेव्हा पाहुण्याने आधी यावं असंच मनात असतं. मागून आलेलं क्रियापद आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून नुसती छटा देतं. इंग्रजीत बरंचसं तेच काम ही चिमुकली अव्ययं करतात. फक्त त्यांची जागा सांभाळ. कुणी स्टेशनला सोडणार असेल तर नुसतं ‘ड्रॉप मी’ म्हणू नकोस, ‘ड्रॉप मी ऑफ’ म्हण. घ्यायला येणार असेल तर ‘पिक मी अप’. नुसत्या ‘पिक मी’चा अर्थ माझी निवड करा असा होतो. ‘मी’, ‘हर’, ‘देम’ अशी सर्वनामं इथे मधेच बसतात. ‘गेट ऑफ’ मात्र असं तुटत नाही, ‘गेट ऑफ इट’ असंच राहतं.

आणखी दोन शब्द इकडेच राहू दे. बाहेरगावी गेलेल्याला आपण म्हणतो ते ‘आउट ऑफ स्टेशन’ तिकडे चटकन कळणार नाही, नुसतं ‘अवे’ म्हण. ठरलेली वेळ अलीकडे आणायची तर ‘प्रीपोन’ हा आपला इकडचा, तिथे ‘ब्रिंग फॉरवर्ड’.

मुंबईच्या विमानतळावर आम्ही तुला निरोप दिला, त्याला ‘वी सॉ यू ऑफ’ म्हणतात. तू काचेपलीकडे दिसेनाशी झालीस तरी बाबा तिथेच उभे होते. मीच त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. शिकवताना हा शब्द मी कितीदा उच्चारला असेन, पण त्याचं वजन मला त्या रात्री कळलं.

रविवारी यॉर्कला रेल्वेचं संग्रहालय बघायला जाणार आहेस ना? फलाटावरच्या घोषणा नीट ऐक. गाडी वाटेतल्या स्टेशनांवर ‘कॉल’ करते, म्हणजे थांबते, आणि शेवटच्या स्टेशनावर ‘टर्मिनेट’ होते. वही जवळ ठेव, वाक्यं पूर्ण लिही, एकेकटा शब्द नको. रात्री फोन कर आणि पहिली पाच मिनिटं माझ्याशी इंग्रजीतच बोल. बाबांनाही शेजारी बसवून ठेवते. थंडी वाढली असेल, कानटोपी घाल.

तुझी,
आई