टब उचलू लागणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

त्या दिवशी पाऊस थोडा उघडला तशी तुम्ही स्कूटर काढलीत आणि नीट ‘देव बरे करो’ म्हणायचंही राहून गेलं. म्हणून हे पत्र.

बाबांची माशांची टाकी छान चालली आहे. संपमधून, म्हणजे खालच्या पाणी गाळायच्या टाकीतून, वर जाणाऱ्या पाइपाचा एकही जोड पाझरत नाही. सकाळी अजूनही माझा हात आधी त्या खालच्या एल्बोखाली, वळणाच्या जोडाखाली जातो. तो कोरडा निघाला की तुमची आठवण येते आणि मन भरून येतं.

तुमच्याआधी आलेल्या प्लंबरांनी आम्हाला फार छळलं. ओल्या पाइपावरच जोड चिकटवायचं सोल्युशन फासायचं, लगेच पंप चालू करायचा आणि ‘काही होत नाही’ म्हणत निघून जायचं. जोड गळला की वरून एपॉक्सीचा लेप. टाकीखालच्या कॅबिनेटचं प्लायवूड फुगून वर आलं, तेव्हा फोन केला तर म्हणे, ही हौसेची कामं आम्ही करत नाही. पैसे मात्र आगाऊ मोजून घेतले होते. आजही आठवलं की संताप होतो.

तुम्ही डिचोलीहून फोंड्यापर्यंत भर पावसात आलात. पिशवीतून सोल्युशनचा डबा काढलात आणि झाकणाला हात लावण्याआधी विचारलंत, “मासे कुठे ठेवलेत?” बाबांची ऑस्कर माशांची जोडी त्याच खोलीत टबात होती, हवेचा पंप लावलेला. तो पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो, सोल्युशनची वाफही तो ओढून घेईल, हे तुमच्याआधी कुणीच आम्हाला सांगितलं नव्हतं. मग तुम्ही टबाची एक बाजू स्वतः धरलीत. पाणी हिंदकळू नये म्हणून उलट्या पावलांनी, हळूहळू मागच्या पडवीपर्यंत गेलात. बाबा खुर्चीतून बघत होते. नंतर ते मला एवढंच म्हणाले, “ह्या माणसाला काय हवं ते दे.”

पुढचं सगळं काम तुम्ही त्याच मायेनं केलंत. पाइप कोरड्या फडक्यानं पुसलात, कापलेली कड कानशीनं घासलीत, सोल्युशन लावायच्या आधी जोड तसेच बसवून पाहिलेत. प्रायमर प्लास्टिक मऊ करतो आणि सोल्युशन ते थोडं विरघळवून दोन्ही तुकडे एकजीव करतं, हे बाबांना समजेल असं सांगितलंत. जोड बसवल्यावर पाइप मागे सरकू नये म्हणून तो दाबून धरून बसलात, तेव्हा मोबाइल वाजत होता तरी सोडला नाहीत. पावसाळी हवेत जोड उशिरा पक्का होतो, म्हणून दोन दिवस पंप लावू नका आणि पहिलं पाणी फेकून द्या, असं बजावून गेलात. तिसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केलात.

गोव्यात कामाला माणसं मिळत नाहीत असं जो तो म्हणतो, मीही म्हणत होते. दुसऱ्याच्या घरातला मुका जीव आपला समजणारा माणूस आमच्या दारात आला, हे आमचं भाग्य.

शेजारचे तुमचा नंबर मागत आहेत. तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही, देऊ का ते कळवा. आणि चतुर्थीला काकूंना घेऊन नक्की या. बाबांनी तुमच्या नावाच्या नेवऱ्या आत्तापासून सांगून ठेवल्या आहेत.