निळा अजून आत आहे

बामणोली, ता. जावळी, जि. सातारा
घटस्थापनेचा आदला दिवस

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आबा, पैसे पोचले का, आणि बोट रंगवायला रंगारी कधी येतोय?" पैसे पोचले. रंगारी येणार नाही. रेंज जात-येत होती म्हणून मी नुसतं 'बघू' म्हणालो आणि तू नाराज झालीस, ते मला इथं बसून कळलं. म्हणून आज सगळं नीट लिहितोय. तुझी आई म्हणाली, फोन करा. पण ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही.

जूनमध्ये बोट बाहेर काढली तेव्हा तू होतीस. ट्रॅक्टरनं ओढून शेडमध्ये टायरांवर बसवली आणि तू तिच्या अंगावरून हात फिरवलास. तळहात पांढरा झाला, फळा पुसल्यावर होतो तसा. तू म्हणालीस, "रंग संपला आबा." मला तेव्हाच बोलायचं होतं, पण तुझी पुण्याची एसटी चुकली असती.

रंग संपलेला नव्हता. मुळात आपल्या बोटीला रंग लावलेलाच नाही, हे आधी ध्यानात घे. तुमच्या गाड्यांच्या कारखान्यात आधी पत्र्याची बॉडी तयार होते आणि मग तिच्यावर रंग चढतो. फायबरच्या बोटीचं उलटं. आधी साच्याला मेण लावतात, त्यावर निळा जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेलं, कडक होणारं चिकट रेझिन मारतात, तो आवळला की त्याच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि साधं रेझिन, थरावर थर. साचा सोडवला की जे सगळ्यात आधी मारलं ते सगळ्यात बाहेर येतं. आपला निळा म्हणजे बोटीचं कातडं आहे, आणि त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तूच सांगितलं होतंस की गाडीवर प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत सगळं मिळून 100 ते 120 मायक्रॉन भरतं. आपल्याकडं 500च्या आसपास आहे. ऐकायला भरपूर वाटतं, पण ते परत उगवत नाही. दरवेळी घासलं की त्यातलं काही कायमचं जातं, म्हणून किती घासायचं याचा विचार मी पावसाळाभर करत होतो.

गणपतीत तू जाडी मोजायचं ते छोटं मशीन घेऊन आलीस आणि बोटीला टेकवलंस. त्याला खाली लोखंड नाहीतर ॲल्युमिनियम लागतं, फायबरवर त्यानं एक आकडा दाखवला नाही. तू हिरमुसलीस. तू झोपल्यावर मी बादलीत फडकं बुडवून उजव्या बाजूवर फिरवलं आणि बॅटरी मारून पाहिलं. ओलं होतं तेवढ्या पट्ट्यात निळा उठून दिसला, बोट नवी घेतली तेव्हाचा. सुकलं की परत राख. वरचा थर उन्हानं भोकाभोकांचा झालाय, उजेड त्यात विस्कटतो आणि डोळ्याला पांढुरकं दिसतं. भोकं पाण्यानं भरली की उजेड आतल्या रंगापर्यंत पोचतो. ओलं करूनही निळा आला नसता, किंवा आतले काचेचे धागे दिसायला लागले असते, तर मी तुझ्या रंगाऱ्याला स्वतः बोलावलं असतं.

दुसरी खूण याहून पक्की. बाजूवर चिकटवलेला बोटीचा जुना नंबर मी हेअर ड्रायरनं गरम करून सोलला. त्याखाली एकेक आकडा गडद निळा, जसाच्या तसा, भोवती सगळी राख. एवढी वर्षं त्या आकड्यांपुरती सावली होती. बोट कशानं म्हातारी झाली याला दुसरा पुरावा नको. दिवाळीपासून जूनपर्यंत बोट धक्क्याला उभी. वरून ऊन आणि शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यावरून उलटून परत अंगावर येणारं ऊन. उन्हातले अतिनील किरण जेलकोटमधल्या पॉलिएस्टरच्या साखळ्या तोडतात, वरून पूड सुटते. पांढऱ्या बोटीवर ते चटकन दिसत नाही, निळ्या-तांबड्यावर लगेच दिसतं.

आता रंग का नको, ते. चांगला दोन भागांचा, हार्डनर मिसळून मारायचा रंग मारला तर बोट झळकेल, हे खरं. पण आपली बोट वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला मेट इंदवलीला दिवसातून दोनदा दगडांवर टेकते. जेलकोट जाडीभर निळा आहे, ओरखडा आला तरी आत निळाच दिसतो. रंगाला ओरखडा आला की खालचा प्रायमर पांढरा दिसतो आणि तिथूनच पापुद्रे सुटायला लागतात. आणि एकदा रंगावर गेलं की दर काही वर्षांनी रंगच मारत राहावं लागतं. तो दिवस आपल्या बोटीवर येईल, पण अजून आलेला नाही.

काम पितृपक्षात सुरू केलं. पाऊस उघडीप देत होता, धरण भरत आलं होतं, धक्क्यावर कोणी नव्हतं. तुला पद्धत माहीत असावी म्हणून लिहितो.

आधी साबणानं धुवून घेतली. मग पाणरेषेचा डाग. आपल्याकडं समुद्राचं मीठ नाही, पण पाण्यात कुजलेला पाला आणि शेवाळ असतं. त्याचा पिवळा-तपकिरी पट्टा साबणाला दाद देत नाही. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड. हातमोजे घालून, पाण्यात विरघळवून ब्रशनं लावायचं, थोडं थांबायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. डाग घासून काढायला गेलं तर फुकटचा जेलकोट जातो. कड्यांखालचा गंजाचा ओघळही त्यानंच गेला. मग जुनं मेण आणि तेलकटपणा ॲसिटोननं पुसला. फडकं सारखं बदलायचं, नाहीतर तेच मेण इकडून तिकडं पसरतं. आणि ते फडकं चुलीच्या आसपास कधी ठेवायचं नाही.

त्यानंतर घाई करायची नाही. मी नंबरच्या मागं दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन चिकटपट्टीनं आखला आणि सगळ्यात सौम्य पॉलिशनं सुरुवात केली. थोडी झाक आली, पण ढगाळ. मग रबिंग कंपाऊंड, म्हणजे घासायची जरा खरखरीत पेस्ट. त्यानं बराच निळा वर आला. म्हणजे बहुतेक बाजूला कंपाऊंडवर भागणार होतं. वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर लागला तो फक्त नाळेजवळ, बोटीच्या पुढच्या टोकाला, आणि वरच्या काठाच्या हातभर पट्टीत, जिथं दुपारचं ऊन थेट बसतं. तिथं 1000 नंबरचा, मग 1500, मग 2000, नंबर वाढेल तसा पेपर बारीक. पेपर रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळायचा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी खाचा पडतात. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. आणि पृष्ठभागावर शिसपेन्सिलीनं आडव्यातिडव्या रेघा मारून घ्यायच्या. रेघा गेल्या की त्या पेपरचं काम झालं, एक हातही जास्त नाही.

इथं एक गोष्ट तुझ्या डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. पेपर फिरायला लागला की आधी ताकासारखं पांढरं पाणी ओघळतं. ती मेलेली पूड. दहा-बारा हातांनंतर त्या पांढऱ्यात निळसर झाक येते, आणि मग पाणी निळं होतं. निळं झालं की थांबायचं. त्याच्यापुढं जे जाईल ते जिवंत कातडं.

मशीनच्या बाबतीत मी फार सावध होतो, त्याला कारण आहे. तू तिसरीत होतीस तेव्हा पहिल्यांदा बोट चमकवायला मी वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडर आणला होता. तो मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो. नाळेच्या कडेवर त्याचा पॅड क्षणभर तिरका टेकला, जळका वास आला, आणि रुपयाएवढ्या जागेत निळा जाऊन काचेचे धागे उघडे पडले. जेलकोटची लुगदी हार्डनर मिसळून भरली, वरून प्लॅस्टिकचा कागद चिकटवला, कारण हवा लागली तर तो वरून चिकटच राहतो. ती जागा अजून हाताला लागते. तू लहानपणी तिला बोटीची तीट म्हणायचीस. म्हणून आता फेरे कमी-जास्त करता येतात असं पॉलिशिंगचं मशीन भाड्यानं आणलं आणि 1200 ते 1500च्या वर नेलं नाही. लोकरीचा पॅड, हाताएवढ्या जागेत कंपाऊंड आधी पसरून मग चालू करायचं, मशीन सतत हलतं ठेवायचं, कडा-कोपऱ्यांवर चिकटपट्टी लावून ते हातानं करायचे. आणि सावलीतच. अंग तापलेलं असेल तर कंपाऊंड सुकून गोळे धरतं आणि तेच गोळे ओरखडे पाडतात. तोंडाला मास्क हवाच, ती पूड छातीत जाऊ द्यायची नाही.

दुसऱ्या हाताला फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश. इथं तुझी शिकवण कामी आली. तू म्हणाली होतीस, पृष्ठभागाकडं बघू नका, त्यातल्या ट्यूबलाइटच्या कडेकडं बघा. मी शेडमधली ट्यूब लावली आणि खाली बसलो. कंपाऊंड झालेल्या भागात ट्यूब दिसत होती, पण तिची कड कापसासारखी. बारीक पॉलिशनंतर कड सुरीनं कापल्यासारखी सरळ आली, आणि तिच्याशेजारी पत्र्याचे खिळे मोजता येत होते. मी तुझ्या आईला हाक मारली. ती हात पुसत आली, बोटीत वाकून बघितलं आणि कपाळावरची बट मागं सारली.

त्यावर मेण. कार्नोबाचं घेतलं, ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात. पातळ थर, धुरकट झाला की सुती फडक्यानं पुसायचा. आईची जुनी साडी त्याला सगळ्यात चांगली. दमट हवेत धुरकट व्हायला फार वेळ लागतो, म्हणून मी उघडीप बघून दुपारी लावलं, दुसरा थर दुसऱ्या दिवशी. मेण उन्हाचा मार आधी स्वतःवर घेतं, मग ते संपतं. त्यामुळं हंगामात दोनदा लावावं लागेल, दिवाळीआधी आणि होळीनंतर. एवढी वर्षं मी ते टाळलं, आणि निळ्याची राख झाली ती त्यानं. एक मात्र लक्षात ठेव, बोटीच्या आत फळीवर आणि चढायच्या पायरीवर मेणाचं बोटसुद्धा लागता कामा नये. वासोटा उतरून माणसं चिखलाच्या बुटांनी चढतात, कोणी घसरलं तर थेट पाण्यात.

धक्क्यावर बरेच जण सांगतात, डिझेलमध्ये तेल मिसळून पुसा, झकास दिसतं. दिसतंच, ओल्या फडक्यानं दिसतं त्याच कारणानं. आठ दिवसांत त्याच्यावर धूळ बसते. एकानं मागं मला बाटलीतलं चमकवायचं औषधही विकलं होतं, घासायला नको, नुसतं लावा म्हणून. दोन महिन्यांत पिवळं पडून पापुद्रे सुटले आणि ते काढायला चार दिवस गेले. मेलेल्या थरावर काहीही चिकटवलं तर ते त्या थरासकट निघतं.

पेंद्याला चार फोड सापडले, चण्याएवढे. गोड्या पाण्याला आपण सौम्य समजतो, पण फायबरला फोड खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात जास्त येतात. पाणी जेलकोटमधून हळूहळू आत झिरपतं, आतलं काही विरघळवतं, आणि ते दाट पाणी बाहेरचं पातळ पाणी ओढत राहतं. भिजवलेला मनुका फुगतो तसं. फोडून धुतलेत आणि उघडे ठेवलेत. पुरते वाळल्याशिवाय भरायचे नाहीत.

आणि खरं सांगायचं तर बोट नव्यासारखी झालेली नाही. तिरक्या उन्हात जुन्या नंबरचे आकडे अजून हलके दिसतात. ते घालवायचे तर सगळी बाजू अजून खोल घासावी लागेल. मी थांबलो. तेवढा जेलकोट तुझ्या वेळेला उपयोगी पडेल. पुढं बोट तू चालवशील की कोणाला देशील हे तुझं तू ठरव, पण ती तुझ्या हातात जाईल तेव्हा तिच्या अंगावर काही शिल्लक असावं असं मला वाटतं.

तुझ्या पैशांतून मशीनचं भाडं, कंपाऊंड, पेपर आणि मेण एवढंच गेलं. उरलेल्यातून दहा लाइफ जॅकेट घ्यावीत असा विचार आहे, जुन्यांचे बंद विरलेत. तुझी हरकत नसेल तर कळव.

डावी बाजू मी तशीच ठेवली आहे. नुसती धुतली, डाग काढले, नंबर सोलला, बाकी हात लावला नाही. दसऱ्याला येणारच आहेस तर दोन दिवस आधी ये. खंडेनवमीला मशीन पूजेला मांडायचं आहे, त्यानंतर ते चालवता येणार नाही, आणि पावसाळ्यानंतर वासोटा लोकांना उघडायच्या आत बोट पाण्यात हवी. येताना 2000चे चार पेपर आण, मेढ्यात मिळाले नाहीत. कासवरून येताना धुकं असतं, शेवटची गाडी धरू नकोस.

तुझा,
आबा