फुलांचे क्लोज-अप छापताना एवढं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात तुमच्या पेपरात वाचकांनी काढलेले फोटो छापून येतात, त्यात ऑगस्ट-सप्टेंबरला फुलांचे क्लोज-अप भरपूर असतात आणि मी ते पान सगळ्यात आधी उघडते. मला स्वतःला हा नाद आहे, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडते. पण गेल्या आठवड्यातला एक फोटो बघून फार वाईट वाटलं. कंदीलपुष्प होतं, म्हणजे कंदिलाच्या आकाराचं रानफूल, फोकस अगदी जागच्या जागी, मागे छान धूसर हिरवं, आणि फूल देठासकट खुडून तळहातावर ठेवलेलं. खाली नाव नाही, काही नाही, नुसतं ‘निसर्गाची किमया’.

कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती फक्त आपल्या सह्याद्रीत आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच आता दुर्मिळ झाल्यात. कंद खायचा म्हणून लोक उकरतात, गुरं वेल खातात, त्यात आता फोटोवाल्यांची भर नको. आणि खरं सांगायचं तर तोडलेल्या फुलात बघण्यासारखं निम्मं संपलेलं असतं. या फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात, बारीक माशी आत शिरते पण केसांमुळे तिला वर येता येत नाही, मग फूल जुनं झालं की केस सुकतात आणि माशी परागांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडते, पुढच्या फुलात जाते. वेलावरच्या फुलाशी शांतपणे थांबलं तर ही माशी नळीच्या तोंडाशी घुटमळताना दिसते, आणि तो फोटो हातावरच्या फुलापेक्षा कितीतरी भारी येतो.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर तर काय होतं ते आम्ही सातारकर दर सीझनला बघतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कासचं नाव आलं आणि गर्दी वाढतच गेली, आता ऑनलाइन बुकिंग आहे, रोजची मर्यादा आहे, हे चांगलंच आहे. पण बुकिंग करून आलेला माणूससुद्धा वाट सोडून आत जातो, कारण क्लोज-अपसाठी फुलाच्या पातळीला यावं लागतं, आणि कासची फुलं बघा ना, सीतेची आसवं वितीएवढीसुद्धा नसतात, गेंदही तसाच, म्हणजे कोपरावर आडवं पडणं आलं. एका फुलाच्या फोटोसाठी अंगाखाली किती चिरडतात ते उठल्यावर मागे वळून बघितलं तर कळेल. जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर आहे, त्या ओल्या थरात सीतेची आसवं मुळाशी बारीक बारीक फुगे घेऊन उभी असतात, पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात अडकतात आणि त्यावर ती जगतात. तिथे बूट दाबला की तो थरच उखडतो. शिवाय तेरडा, सीतेची आसवं ही एका पावसाळ्याची झाडं, बी पडायच्या आत तुडवली की पुढच्या वर्षी तिथे उगवायला काय राहणार?

बरं, हे टाळता येत नाही असंही नाही. ७०–३०० एमएमसारख्या झूम लेन्सच्या मागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, लावली की वाटेवर बसूनच पाऊण-एक मीटरवरच्या फुलाचा चांगला क्लोज-अप मिळतो, कॅमेऱ्याची स्क्रीन वळणारी असेल तर आडवंही पडावं लागत नाही, नुसता हात खाली नेला की झालं. काहीजण पाण्याचा स्प्रे घेऊन येतात आणि फुलावर थेंब उडवतात, त्याचीही गरज नाही, तिथेच गवती दवबिंदू असतो, त्याच्या पानांवरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो आणि तो उन्हातही सुकत नाही, बारका किडा त्याला चिकटून बसलेला दिसतो कधी कधी.

पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. क्लोज-अपच्या नादासाठी कासला जायलाच पाहिजे असं लोकांच्या डोक्यात बसलंय ते जायला पाहिजे. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर एकदांडी असते ना, दगडी पाला म्हणतात तीच, लांब देठावर एकच फूल, जखमेवर पाला चोळतात ती. लोक तिच्यावरून चालत जातात. तिच्याजवळ लेन्स न्या. एक फूल दिसतं ते एक नसतंच, मधला पिवळा भाग म्हणजे कितीतरी नळीसारखी इवली फुलं, प्रत्येकाला पाच पाकळ्यांची टोकं, आणि ती कडेकडून मध्याकडे उमलत जातात, त्यामुळे एकाच फोटोत बाहेरची पूर्ण उघडलेली आणि मधल्या मिटलेल्या कळ्या दोन्ही येतात. भोवतीच्या फिक्या पाकळ्यांना टोकाशी तीन दातरे. घाणेरीच्या गुच्छात मध्ये पिवळी आणि कडेला गुलाबी फुलं असतात, पिवळी ताजी, परागीभवन झालं की रंग बदलतो, फुलपाखरू बघा, सोंड पिवळ्यातच घालतं. आणि गणपतीला आपण वाहतो त्या दुर्वेलाही फूल येतं हे किती जणांनी बघितलंय? बोटांसारखे तुरे येतात आणि क्लोज-अपमध्ये त्यावर जांभळ्या रंगाचे पिसासारखे बारीक तंतू दिसतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सगळ्या घराला बोलावून स्क्रीनवर दाखवलं होतं.

यासाठी महागडी लेन्सच हवी असंही नाही. कॉलेजची मुलं मला नेहमी विचारतात म्हणून लिहिते. साधी ५० एमएमची लेन्स उलटी लावायची रिंग काही शे रुपयांत मिळते, त्यातून फूल सेन्सरवर जवळजवळ खऱ्या मापाचं उमटतं, फक्त अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक) हाताने फिरवता येणारी जुनी लेन्स मिळाली तर बरं, नव्या लेन्सचं अॅपर्चर उलटी लावल्यावर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. मोबाईलवाल्यांना क्लिपची लेन्स चालते. एवढ्या जवळून अॅपर्चर एफ ८ एवढं लहान ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटर जागा फोकसमध्ये राहते, म्हणून सगळं फूल शार्प करायच्या मागे न लागता पुंकेसर किंवा कुक्षी, एकच काहीतरी धरायचं. अॅपर्चर आणखी लहान करत एफ १६ च्या पुढे गेलात तर फोटो उलट मऊ पडायला लागतो. वारा हा खरा शत्रू, त्यामुळे सकाळी लवकर, ढगाळ असेल तर अजून छान, ऊन असेल तर पांढरी छत्री धरायची, आणि लग्नपत्रिकेचा पांढरा जाड कागद खालून धरला की फुलाच्या सावलीतल्या बाजूला उजेड जातो. पिवळ्या आणि लाल फुलांना एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, नाहीतर सोनकी आणि जास्वंद दोन्हीच्या पाकळ्यांतल्या रेषा उडून जातात.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या पानावर छापून आलं की माणूस महिनाभर सगळ्यांना दाखवतो, तसाच फोटो काढायला दुसरे दहा जण निघतात, म्हणून तुम्ही घातलेल्या अटीला वजन आहे. फोटो मागवताना स्पष्ट लिहा की तोडलेल्या, हातात धरलेल्या फुलाचा फोटो छापला जाणार नाही. फोटोखाली फुलाचं नाव द्या, पाठवणाऱ्याला माहीत नसेल तर कुठल्याही कॉलेजात वनस्पतीशास्त्राचे शिक्षक आहेत, ते आनंदाने सांगतील. कंदीलपुष्पासारखं दुर्मिळ काही असेल तर फक्त जिल्हा छापा, गाव, टेकडी, वाट काही छापू नका, कारण पत्ता कळला की पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागतात. आणि जमलं तर आठवड्यातून एक फोटो रस्त्याकडेच्या, बांधावरच्या, कुणाच्या लक्षात न येणाऱ्या फुलाचा ठेवा, शाळेतली मुलं मोबाईलवर काढून पाठवतील, त्यांना त्यासाठी कुठे जायला लागणार नाही.

सोनकी आणि तेरडा अजून काही दिवस आहे, दसऱ्यापर्यंत बरंचसं रान सुकायला लागतं. हे नियम येत्या रविवारच्या अंकात आले तर याच सीझनला त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक वाचक, सातारा