पाळणाघराची नोंद करारात हवी

भाड्याच्या घरात पाळणाघर चालवण्यास सोसायट्यांचा विरोध वाढत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. राजारामपुरीत दोन भाड्याच्या खोल्यांत मी पाळणाघर चालवते. वाद बहुतेक वेळा करारातल्या ‘फक्त राहण्यासाठी’ या शब्दांवरून पेटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मग त्यातच पाळणाघर, मुलांची संख्या आणि वेळा का नोंदवू नयेत? माझ्या आधीच्या मालकांचा होकार तोंडीच होता. दारातल्या १२ जोड चिमुकल्या चपला शेजाऱ्यांना खुपल्या आणि महिनाभरात मला घर सोडावे लागले. एका मुलाची आई त्यापायी आठवडाभर कामावर जाऊ शकली नाही, हे आजही मनाला लागून आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. गोकुळ शिरगाव, शिरोलीतल्या छोट्या कारखान्यांत राबणाऱ्या आयांना मात्र घरगुती पाळणाघराचाच आधार. दुपारच्या शांततेच्या, गाड्या लावण्याच्या अटी सोसायटीने जरूर घालाव्यात, आम्ही त्या पाळू. फक्त त्या आधी कागदावर याव्यात.

– एक पाळणाघरचालिका, राजारामपुरी, कोल्हापूर