लिंगांतराच्या कथा आणि वंशाचे साचे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील लिंगांतराच्या कथांवरील लेख आवडला. मात्र त्यात वंशाचा मुद्दा सुटून गेला. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फ यांच्या १९२८ सालच्या ‘ऑर्लँडो’ कादंबरीचा नायक कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) सात दिवसांच्या गाढ झोपेतून स्त्री होऊनच उठतो आणि लेखिकेने हे स्थित्यंतर कमालीच्या सहजतेने रंगवले आहे. पण त्याच कादंबरीच्या पहिल्या वाक्यात हा मुलगा आढ्याला टांगलेल्या एका मूर (उत्तर आफ्रिकेतील मुस्लिम) माणसाच्या मुंडक्यावर तलवार चालवत असतो. दोरी तुटली की तो ते पुन्हा बांधतो, आणि ज्याचे ते मुंडके, त्याला नावही मिळत नाही. हा साम्राज्यशाहीचा उपहास आहे, असे म्हणतात व मला ते बरेचसे पटतेही. तरी तुर्कांचे ते शहर आणि नंतर नायिका ज्यांच्यात राहते तो जिप्सींचा तांडा ही नायिकेच्या बदलाची नेपथ्येच उरतात, हे खटकते. आपल्याकडच्या कथांतही तृतीयपंथी पात्र आले, की टाळी आणि भडक लिपस्टिक ठरलेलीच; तिची भाषा, जात, गाव लेखकाला सुचत नाही. असे लेखन छापण्यापूर्वी त्याच समाजातील एखाद्या ट्रान्स व्यक्तीला, रीतसर मानधन देऊन, वाचायला द्यावे. या विषयावर पुरवणीने ट्रान्स लेखकांकडूनच लिहून घ्यावे, ही विनंती.

आपली एक वाचक,
सातारा